आता कशाला?

२० नोव्हेंबर १८५३ रोजी झाशीचे राजे गंगाधरराव नेवाळकर यांनी आनंदराव या मुलाला दत्तक घेऊन त्याचे नाव दामोदरराव ठेवले. मेजर एलिस आणि कॅप्टन मार्टिन समक्ष होते. दुसऱ्याच दिवशी राजे निवर्तले. त्या दत्तकाचे पुढे राजकारणाने काय केले, हे सर्वश्रुत आहे. मात्र आपला अंत जवळ आला आहे हे त्या रुग्णाला ठाऊक होते, आणि ठाऊक होते म्हणूनच तो अखेरचा दिवस त्याचा स्वतःचा होता.

त्याच झाशीतल्या, पेशवाईपासून तेथे रुजलेल्या एखाद्या मराठी घरातील ऐंशीच्या आजीला हा अधिकार सहजासहजी लाभत नाही. छातीत गाठ लागते. तपासणीचा कागद आधी मुलगा वाचतो, मग सून. पंजाब मेलने मुंबईला, परळच्या टाटा रुग्णालयात न्यायचे की नाही, यावर रात्री खल होतो. आजीला सांगितले जाते, ‘थोडी सूज आहे, आई.’ ही फसवणूकच. पण प्रेमातून आलेली, म्हणून तिला नाव ठेवणे जड जाते.

अशा वेळी शास्त्राकडे कौल मागावा, तर ते वृद्धांविषयी बरेचसे मौन पाळते. मुंबईत १९९८ साली सुरू झालेल्या अभ्यासात दीड लाखांहून अधिक स्त्रिया होत्या. प्रशिक्षित सेविकांनी ठरावीक काळाने हाताने केलेल्या स्तनतपासणीमुळे पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांतील स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्के घटले, असा त्याचा निष्कर्ष २०२१ साली आला. परंतु अभ्यासात घेतलेल्या स्त्रिया ३५ ते ६४ वर्षांच्या होत्या. लक्षण नसताना रोग हुडकण्याचा लाभ हाती यायला दहाएक वर्षे लागतात. सुई, शस्त्रक्रिया आणि धास्ती मात्र लगेच वाट्याला येतात. म्हणून निरोगी ऐंशीच्या वृद्धेची अशी चाळणी करावी का, ही शंका रास्तच आहे. हाताला लागलेल्या गाठीची गोष्ट निराळी. तेथे जन्मतारखेपेक्षा चालण्याची ताकद, स्मृती, हृदय, मूत्रपिंडे यांना अधिक महत्त्व असते, आणि ‘वय झाले’ हे वैद्यकीय उत्तर नव्हे.

तरीही ते घरोघर दिले जाते, आणि पुष्कळदा आजीच देते: ‘आता कशाला?’ या दोन शब्दांपाशी थांबले पाहिजे. त्यांत कधी तृप्ती असते. नातवंडे पाहिली, आता अंथरुण आणि इंजेक्शने नकोत, असा विचारान्ती आलेला नकार. पण कधी त्यांत जन्मभराची सवय असते: शेवटी जेवायचे, ताप अंगावर काढायचा, आपल्यासाठी पैसा मोडू द्यायचा नाही. पहिल्या नकारापुढे मान तुकवणे हा धर्म आहे. दुसऱ्याला ‘आईची इच्छा’ म्हणून मान देणे ही सोय आहे. दोहोंचे शब्द एकच असल्याने कुटुंबाची फसगत होते, आणि ती त्याला हवीशीही वाटते.

रमण महर्षींच्या हातावर अर्बुद झाले, तेव्हा १९४९ मध्ये त्यांनी शस्त्रक्रिया होऊ दिल्या, हात तोडण्यास मात्र नकार दिला. विरक्ताचाही नकार असा सरसकट नव्हता. संसारी वृद्धेला गाठ काढायची असेल पण किरणोपचार नको असतील, मुंबई नको पण झाशीतच काही होत असेल तर हवे असेल. हे तिला विचारल्यावाचून कळावे कसे?

२०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने आगाऊ लिहून ठेवलेल्या वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. ती तरतूद ज्याला बोलता येईनासे झाले आहे, त्याच्यासाठी. येथे तर आजी पलीकडच्या खोलीत शेंगा सोलत बसलेली असते. तिला विचारावे: किती जाणून घ्यायचे आहे? ‘तुम्हीच काय ते बघा’ असे ती म्हणाली, तर तेही तिचे उत्तर. खर्चाचा आकडा आधी बाजूला ठेवून, मुलगा-सून जवळ नसताना, एखाद्या मैत्रिणीने किंवा डॉक्टरने विचारले, तर कदाचित ती सोलणे थांबवून विचारील, ‘किती दिवस राहावे लागेल?’