सध्या काय वाचतंस?

आमच्या ऑफिसातल्या आठ-दहा जणांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रत्येकानं सध्या काय वाचतोय ते टाकायचं, एवढाच नियम. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी मी एका जाडजूड कादंबरीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'सध्या हे. जबरदस्त आहे.' फोटो खरा होता, पुस्तकही माझंच होतं. मात्र चाळीसाव्या पानावर मी ते मिटलं होतं आणि पुन्हा उघडायचा विचार नव्हता. कादंबरीचं नाव इथे देत नाही, कारण दोष तिचा नाही.

टीममध्ये नुकताच आलेला एक मुलगा माझ्या शब्दावर ती कादंबरी घेऊन आला. तीन आठवड्यांत त्यानं ती संपवली आणि एका संध्याकाळी चहाच्या टपरीवर मला गाठलं. "शेवट तुला पटला का?" त्याचे डोळे चमकत होते. मी चहाचा घोट घेतला आणि म्हणालो, "हो, म्हणजे, तसाच व्हायला हवा होता." त्यानं अजून दोन प्रश्न विचारले, मी अजून दोनदा मान डोलावली. नंतर त्यानं विषय बदलला. पुढे त्यानं मला पुस्तकाबद्दल काहीच विचारलं नाही.

आता हिशेब मांडू. नुकसान नेमकं काय झालं? त्याला कादंबरी आवडली होती, मनापासून. पैसे वाया गेले नाहीत, वेळ वाया गेला नाही. परिणामांवरूनच बरंवाईट ठरवायचं असेल, तर माझ्या थापेनं एका माणसाला एक चांगलं पुस्तक मिळालं. मग ती संध्याकाळ मला अजून का खुपते?

बराच काळ मी स्वतःला सांगत होतो की ही साधी मिरवण्याची हौस आहे आणि मिरवणं वाईटच. हे उत्तर मला आता पुरेसं वाटत नाही. मिरवणं आपल्याकडे सगळीकडेच आहे. गणपतीची आरास लोक दाखवायलाच करतात, म्हणून ती खोटी ठरत नाही. आवडलेलं पुस्तक लोकांना दाखवताना थोडा 'मी' त्यात येणारच.

दुसरी बाजू म्हणते की वाचन ही खाजगी गोष्ट आहे, ती सांगायला लागलात की बिघडते. यात तथ्य आहे. किंडलवर एखाद्या वाक्याखाली पुसट रेघ दिसते आणि इतक्या जणांनी हे अधोरेखित केलंय असं कळतं. त्यानंतर ते वाक्य माझं राहत नाही. गुडरीड्सवर वर्षाच्या सुरुवातीला पुस्तकांचा आकडा ठरवायची सोय आहे. मी एकदा ठरवला होता आणि डिसेंबरात पातळ पातळ पुस्तकं शोधत होतो. सांगण्यासाठी वाचायला लागलं की वाचनाचा टार्गेट-रिपोर्ट होतो, आणि तसले रिपोर्ट मी आठवडाभर भरतच असतो.

पण 'खाजगी वाचन' ही कल्पनाही वाटते तितकी निरागस नाही. चौथ्या शतकातल्या मिलानमध्ये अँब्रोज नावाचे बिशप होते. ते ओठ न हलवता, मनातल्या मनात वाचत. ऑगस्टीननं आपल्या आत्मकथनात हे नवलानं नोंदवलंय. लोक भेटायला येत, त्यांना वाचताना बघत बसत आणि काही न विचारता निघून जात. ते असं का वाचत असावेत, याबद्दल ऑगस्टीनचा एक तर्क मोठा गमतीचा आहे: मोठ्यानं वाचलं तर ऐकणारा एखादा अवघड जागेचा अर्थ विचारेल आणि समजावत बसावं लागेल, म्हणून. (दुसरा तर्क साधा आहे, आवाज बसू नये म्हणून.) म्हणजे मूक वाचनाच्या या प्रसिद्ध नोंदीतच प्रश्न टाळण्याची शंका आहे. टपरीवर मीही तेच करत होतो. फरक इतकाच की अँब्रोज यांनी पुस्तक वाचलेलं होतं.

आपल्याकडे वाचन फार काळ मोठ्यानंच चाललं. चातुर्मासात कुणाकडे तरी पोथी लागायची, पांडवप्रताप, हरिविजय. कोण काय वाचतंय हे सगळ्या वाडीला ठाऊक असायचं, कारण सगळे तेच ऐकायचे. तिथे 'मी हे वाचतोय' असं मिरवायला जागाच नव्हती. पण हे चित्र फार गोड करायला नको. तिथे 'मला हे आवडत नाही' म्हणायलाही जागा नव्हती. पोथी कोणी वाचायची आणि कोणी नुसती ऐकायची हे जात आणि बाई-पुरुष बघून ठरायचं. निवड आली ती वाचनालयांबरोबर. रत्नागिरीचं नगर वाचनालय 1828 सालचं. वाचनालयात आपण आपलं पुस्तक आपल्या नावावर घरी नेतो. निवड आली म्हणूनच 'तू सध्या काय वाचतोस?' या प्रश्नाला अर्थ आला. सगळे एकच पोथी ऐकत असते तर हे कोणी विचारलंच नसतं.

हा प्रश्न पहिल्यांदा मला माझ्या आजीनं विचारला. आमचं घर शिरोड्याचं. मिठागरांचं आणि 1930च्या मिठाच्या सत्याग्रहाचं गाव. वि. स. खांडेकर 1920 ते 1938 इथल्या शाळेत मास्तर होते. गावात खांडेकरांचं नाव देवासारखं घेतात. त्यांना ययातीसाठी ज्ञानपीठ मिळालं हे पोरासोरांना माहीत असतं, ती वाचलेली असतेच असं नाही. मी शाळेत असताना ग्रंथालयातून पुस्तक आणलं की आजी ओटीवरून विचारायची, "सध्या काय वाचतंस?" ती चौथी शिकलेली. मी नाव सांगायचो, लेखकाचं नाव सांगायचो, पुस्तकाला बक्षीस मिळालं असेल तर तेही. ती म्हणायची, "ता असांदे. तुका हसू खंय इला ता सांग."

हसू कुठे आलं ते सांगायला पुस्तक वाचलेलं असावं लागतं. पाठीमागचा मजकूर वाचून चालत नाही. एकदा मी गडबडलो, तर ती शांतपणे म्हणाली, "मगे तू वाचूक नाय," आणि नारळ खवायला लागली. रागावली नाही. पण त्या दिवशी तिच्या वाटणीचं काहीतरी मी आणलं नव्हतं, एवढं मला कळलं.

ग्रंथालयातल्या पुस्तकांवरही असंच काही सापडायचं. 'पुस्तकात लिहू नये' या शिक्क्याच्या बरोबर खाली कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं असायचं. 'बोअर.' 'शेवट आधी वाचू नये.' एका कादंबरीत दुसऱ्याच पानावर होतं, 'पान 112 पासून बरी आहे, धीर धरा.' नाव नाही, सही नाही. मी धीर धरला आणि 112 पासून ती खरंच बरी झाली. त्या माणसाला माझ्याकडून काही मिळणार नव्हतं. पण एकशे अकरा पानं कंटाळा सोसल्याशिवाय ती ओळ लिहिता येत नाही. ती माझ्यासाठी खर्च केलेल्या वेळाची पावती होती.

इथे मला माझ्या चुकीचा धागा सापडतो. 'मी हे वाचतोय आणि मला आवडतंय' हे वाक्य माहिती देतं असं आपल्याला वाटतं. माहिती म्हणून पाहिलं तर माझ्या थापेनं काही बिघडलं नाही, पुस्तक चांगलंच निघालं. पण ते वाक्य एक आमंत्रणही आहे: मी इथे आहे, तूही ये, मग बोलू. तो मुलगा माझ्या सांगण्यावरून त्या कादंबरीत शिरला, शेवटापर्यंत चालत गेला आणि तिथे मी नव्हतोच. चांगल्या पुस्तकाच्या शेवटाला माणूस भरून आलेला असतो. त्याला कोणीतरी हवं असतं. मी त्याला तिथे एकटं सोडलं आणि वर सोबत असल्याचं नाटक केलं.

म्हणूनच 'काय वाचलंय?' आणि 'काय वाचताय?' हे मला वेगळे प्रश्न वाटतात. वाचून झालेल्या पुस्तकाबद्दल आपण निकाल देतो. वाचत असलेल्या पुस्तकाबद्दल मत अजून कच्चं असतं, समोरचा ते हलवू शकतो. 'वाचतोय' म्हणणारा माणूस थोडा उघडा असतो. उद्या पुस्तक फसलं तर त्याला ते कबूल करावं लागणार असतं. ती जोखीम नको म्हणून आपण निकालच सांगतो, किंवा जगानं आधीच मान्य केलेली नावं घेतो.

आवड सांगण्याचा सर्वांत कष्टाचा प्रकार कोणता, असा विचार करतो तेव्हा पुन्हा खांडेकरच आठवतात. त्यांना खलील जिब्रानच्या रूपककथा भावल्या, तर त्यांनी त्या मराठीत आणल्या. 'वेचलेली फुले' हे पुस्तक त्यातूनच आलं. भाषांतर म्हणजे तरी काय, 'मी सध्या हे वाचतोय' हे वाक्य शब्द न् शब्द शेवटापर्यंत निभावणं. दुसरं टोक आमच्या शेजारच्या आरवलीचं. तिथले जयवंत दळवी 'ललित'मध्ये ठणठणपाळ होऊन पुस्तकांची आणि लेखकांची यथेच्छ टिंगल करायचे. ती टिंगल लोकांनी वर्षानुवर्षं आवडीनं वाचली, कारण ज्याला पुस्तकांच्या जगाशी घेणंदेणं नाही त्याला तशी टिंगल जमत नाही.

त्या मुलाला मी गेल्या वर्षी खरं सांगितलं. माफीचा समारंभ केला नाही, नुसतं म्हणालो, "ती कादंबरी मी चाळीस पानांवर सोडली होती." तो म्हणाला, "मला तेव्हाच कळलं होतं." मग थोडा थांबून, "चाळीसच्या पुढे दहा पानं गेला असतास तर सोडली नसतीस." त्याच्या त्या कादंबरीवर पन्नासावं पान पेन्सिलीनं मांडलेलं आहे, असं मी समजतो. मी तिथून पुढे गेलो. खरं सांगायचं तर अजूनही ती मला तितकीशी आवडलेली नाही. हे त्याला सांगितलं, तर तासभर भांडलो. त्या टपरीवर दोन वर्षांपूर्वी व्हायचं राहून गेलेलं बोलणं ते हेच.

ग्रुपवर आता मी पान क्रमांक टाकतो. सोडलेलं पुस्तक सोडलं म्हणून टाकतो. 'जबरदस्त' हा शब्द काढून टाकलाय. एखादं पुस्तक सध्या फक्त माझंच असावं असं वाटलं, तर त्या रविवारी काहीच टाकत नाही. गप्प बसणं खोटं नसतं.

आजीला काचबिंदूमुळे आता जवळजवळ दिसत नाही. चतुर्थीला घरी गेलो की रात्री ओटीवर तिला वाचून दाखवतो. सध्या दळवींचं 'सारे प्रवासी घडीचे' चाललंय, निम्म्याच्या थोडं अलीकडे आहोत. गती कमी आहे, कारण प्रत्येक माणूस आला की हा आपल्या ओळखीतला कोण, यावर ती मला थांबवते. आता हसू कुठे आलं हे तिला विचारावं लागत नाही आणि मलाही सांगावं लागत नाही. दोघांना एकाच ओळीवर येतं. कधी फक्त तिलाच येतं, तेव्हा मी थांबतो आणि विचारतो.

तुमचं सध्या काय चाललंय? नाव नंतर सांगा. आधी कितव्या पानावर आहात ते सांगा.