युद्धाची झळ आणि सत्तापालट

युद्धकाळातील हालअपेष्टा आणि क्रांती यांचा संबंध राजकीय विचारात ठळकपणे पुढे आला तो १८७१ च्या पॅरिस कम्यूनमुळे, म्हणजे त्या शहरातील बंडखोर क्रांतिकारी राजवटीमुळे. सप्टेंबर १८७० पासून जानेवारी १८७१ पर्यंत जर्मन फौजांचा पॅरिसला वेढा होता. शहरात घोडे, मांजरे, उंदीर, इतकेच काय, प्राणिसंग्रहालयातले हत्तीही खाण्यासाठी मारले गेले. त्या उपासमारीच्या हिवाळ्यात उठावाचे प्रयत्न झाले, पण ते फसले. सरकारच्या हातून शहराची सत्ता गेली ती युद्धबंदीनंतर. युद्धामुळे तहकूब ठेवलेली देणी वसूल करण्याचा निर्णय नव्या राष्ट्रीय सभेने घेतला. पाठोपाठ १८ मार्चला माँमार्त्रच्या टेकडीवरील तोफा ताब्यात घ्यायला धाडलेल्या सैनिकांनी जमावावर गोळी झाडायचे नाकारले आणि शहर कम्यूनच्या हाती गेले. मे महिन्यात कम्यूनचा रक्तपातात शेवट झाला, तरी युद्धात हरलेले राज्य किती ठिसूळ होते, हे युरोपला दिसले.

यातून पुढे भाकिते केली जाऊ लागली. पुढच्या महायुद्धात ८० लाख ते १ कोटी सैनिक एकमेकांवर तुटून पडतील, दुष्काळ आणि रोगराई पसरेल आणि राजसिंहासने कोसळतील, असे मार्क्सचा सहकारी एंगेल्स याने १८८७ मध्येच लिहिले होते. जपानशी युद्ध चालू असतानाच १९०५ मध्ये रशियात उठाव झाला. सैन्य मोठ्या प्रमाणात एकनिष्ठ राहिल्याने झार बचावला, पण त्याला ड्यूमा ही निर्वाचित सभा मान्य करावी लागली. फेब्रुवारी १९१४ मध्ये माजी गृहमंत्री दुर्नोवो याने झारला लेखी इशारा दिला: जर्मनीशी युद्ध झाले आणि ते अंगलट आले, तर सामाजिक क्रांती अटळ आहे. दुर्नोवो कट्टर राजनिष्ठ होता. त्याला ज्या शक्यतेची धास्ती होती, तीच रशियन क्रांतिकारक लेनिनने पहिले महायुद्ध सुरू होताच कार्यक्रम म्हणून स्वीकारली.

१९१७ मध्ये रशियात धान्य अजिबात नव्हते, असे नाही. कारखाने युद्धसामग्रीत गुंतल्याने खेड्यांत कापड आणि अवजारे मिळेनाशी झाली आणि रुबलची किंमत घसरत गेली. मग शेतकऱ्याने धान्य विकायचे तरी कशासाठी? जे विकले जाई तेही विस्कळीत रेल्वेमुळे वेळेवर पोहोचत नसे. राजधानी पेत्रोग्राडच्या बायका कडाक्याच्या थंडीत पावासाठी तासन्‌तास रांगेत उभ्या राहत. ८ मार्चला, म्हणजे जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे २३ फेब्रुवारीला, व्हिबोर्ग भागातील कापड गिरण्यांतल्या कामगार स्त्रिया संपावर गेल्या. ११ मार्चला वोलिन्स्की रेजिमेंटच्या तुकडीने जमावावर गोळ्या झाडल्या. दुसऱ्याच दिवशी त्याच रेजिमेंटने बंड केले आणि १५ मार्चला झारने राजत्याग केला.

या अनुभवानंतर विचाराला नवे वळण मिळाले. केवळ हालांनी लोक उठत असते तर ते सदैवच उठलेले दिसले असते, असे रशियन क्रांतीचा एक नेता ट्रॉट्स्की याने त्या क्रांतीवरील आपल्या इतिहासग्रंथात बजावले. थेडा स्कॉचपोल या अमेरिकी अभ्यासिकेने १९७९ मध्ये फ्रान्स, रशिया आणि चीन यांची तुलना करून भर दिला तो राज्ययंत्रणेच्या कोसळण्यावर. बाहेरच्या लष्करी दडपणाखाली तिजोरी, प्रशासन आणि सैन्य खिळखिळे झाले, की जुनाच असंतोष क्रांतीचे रूप घेतो.

भारतातील दोन घटना या मांडणीला दुजोरा देतात. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसे दगावली, पण राज्य उलथले नाही. मेले ते मुख्यतः खेड्यातले शेतमजूर, कोळी आणि कारागीर. ज्यांच्या संपाने युद्धयंत्रणा अडली असती त्या कलकत्त्याच्या औद्योगिक कामगारांना सवलतीचा तांदूळ मिळत होता आणि लष्करही सरकारच्या हुकमतीत होते. उलट १८ फेब्रुवारी १९४६ ला मुंबईत ‘तलवार’ या नौदल केंद्रातील खलाशांनी निकृष्ट अन्न आणि अपमानास्पद वागणुकीविरुद्ध संप पुकारला. तो इतर जहाजांवर पसरला आणि गिरणी कामगारही रस्त्यावर आले. बंड काही दिवसांतच शमले, पण हिंदी सैनिकांवर विसंबून राज्य चालवता येईल का, हा प्रश्न ब्रिटिशांपुढे उभा राहिला.

युद्धाच्या झळीतून बदल घडतो तो नेहमी उठावानेच, असेही नाही. १९१८ मध्ये ब्रिटनने रेशनिंग लागू करून टंचाईचा भार वाटून घेतला. त्याच वर्षी २१ वर्षांवरील बहुतेक सर्व पुरुषांना आणि ३० वर्षांवरील अनेक स्त्रियांना मताधिकार दिला. लोकांकडून त्याग मागणाऱ्या राज्याने त्यांना वाटा दिला, तर क्रांती टळू शकते. मात्र राजकीय व्यवस्था पूर्वीसारखी राहत नाही.