डागाचा स्वभाव

हैदराबाद अडीच अब्ज वर्षांच्या ग्रॅनाइटवर वसले आहे. नळाला कृष्णा-गोदावरीचे पाणी येते. ते अपुरे पडले की बोअर सुरू होते. बोअरचे पाणी खडकाच्या भेगांतून वर येते आणि येताना क्षार घेऊन येते. न्हाणीघराच्या टाइलवर थेंब उडतो. पाणी सुकून जाते, क्षार मागे राहतो. एका थेंबाचा डाग दिसतही नाही. दिसू लागतो, तेव्हा तो डाग नसतो, थर असतो.

मग तारेची घासणी हाती येते. जोर लावला की थर निघतो, पण टाइलच्या चकाकीवर बारीक ओरखडे उमटतात. पुढचा क्षार नेमका त्यांत जाऊन बसतो. जोराने काढलेला डाग आपली जागा राखून जातो.

या थराला जोर नको, आंबट हवे. सायट्रिक ॲसिडच्या सौम्य पाण्यात फडके भिजवून त्यावर ठेवावे. बारीक बुडबुडे येऊ लागतात. थर विरघळतो आहे, त्याची ही खूण. आता घासायचे नसते, थांबायचे असते. बाटलीतले जहाल ॲसिड लवकर काम करते, पण सांध्यांतले सिमेंटही खाते. टाइल लखलखते आणि सांधा पोकळ होतो.

शहरातल्या कितीतरी जुन्या घरांत टाइल नाही. तिथे शहाबादची नाहीतर तांदूरची फरशी आहे. ती मुळातच चुनखडकाची. तिच्यावरचा पांढरा थरही चुन्याचाच. आंबट पाण्याला दोघांत फरक करता येत नाही. जे डाग काढते, तेच फरशी खाते. अशा फरशीला मऊ ब्रश, सौम्य साबण आणि कोरडे फडके पुरे. एवढ्याने जो डाग जात नाही, तो राहू द्यावा. फरशी वाचवायची असेल, तर थोडा डाग सोसावा लागतो.

सिलिकॉनची गोष्ट आणखी निराळी. ते बाहेरून आलेले नसते. पाणी मुरू नये म्हणून आपणच बेसिनच्या कडेला भरलेले असते. काही वर्षांनी त्यावर काळी बुरशी धरते, कड सुटते, आणि पाणी त्याच्याच आडून आत जाऊ लागते. एकेकाळची राखण आता गळती झाकत असते. ते पाण्याने विरघळत नाही, आंबटानेही नाही. पाते टाइलला जवळजवळ टेकवून, सुटलेल्या टोकापासून, हळूहळू उचलावे लागते. मोठी पट्टी सहज येते. वेळ घेतो तो मागे राहिलेला पारदर्शक पापुद्रा. डोळ्याला तो दिसत नाही, बोटाला लागतो.

एवढ्याशा पापुद्र्याने काय होते, असे वाटते. पण नवे सिलिकॉन जुन्याच्या अवशेषावर नीट धरत नाही. वरून सरळ, सुबक रेघ दिसते आणि थोड्याच दिवसांत ती सुटते. म्हणून जुने पुरते काढावे, जागा कोरडी होऊ द्यावी, मगच नवे भरावे. भरल्यावरही दिवसभर तिथे पाणी पडू देऊ नये. जुन्याला सुटायला जसा वेळ लागतो, तसा नव्याला धरायलाही लागतो.