बऱ्या दिसणाऱ्या मुलासाठी

आज एकच प्रश्न मनाशी धरून बसू या. घरात थॅलेसेमिया मेजर असलेलं पाच वर्षांचं मूल आहे. परवाच रक्त चढवलंय, त्यामुळे अंगात जोर आहे, सकाळपासून जिन्यावर वर-खाली चाललंय. आज इतक्या बऱ्या दिसणाऱ्या मुलाला, ते कायमचं बरं व्हावं म्हणून, जिवावरच्या धोक्यातून न्यायचं का? उत्तर शोधू नका. प्रश्न थोडा वेळ नुसता समोर राहू द्या.

थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलाच्या शरीरात तांबड्या पेशी नीट तयार होत नाहीत. दर तीन-चार आठवड्यांनी बाहेरून रक्त, आणि तेही जन्मभर. आई-बाबा दोघंही मायनर असतील, म्हणजे दोष बाळगूनही स्वतः ठणठणीत असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल मेजर असण्याची शक्यता चारात एक. सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत हा दोष अधिक आढळतो, आणि मुलुंड-घाटकोपरला ही घरं पुष्कळ. मराठी घरंही सुटलेली नाहीत. बोरिवली पूर्वेला मुंबई महापालिकेचं केंद्र आहे. थॅलेसेमियाची देखभाल, लहान मुलांचे रक्ताचे आजार आणि कर्करोग, शिवाय बोन मॅरो ट्रान्सप्लांट, सगळं तिथे होतं. मुलुंडहून लोकलने जायचं तर दादरला उतरून पश्चिम रेल्वे पकडायची, झोपाळलेलं मूल कडेवर घेऊन. विचार करायला त्या वाटेवर वेळ भरपूर मिळतो, निवांतपणा मात्र नाही. म्हणून तो इथे घेऊ.

आधी रक्ताच्या पिशवीकडे बघा. ती मुलाला धावायला लावते, आणि आजारही झाकून टाकते. प्रत्येक पिशवीतून साधारण 200 मिलिग्रॅम लोह शरीरात जातं, आणि एवढं लोह बाहेर टाकायची सोय शरीरापाशी नाही. ते यकृतात साठतं, हृदयात साठतं, वाढीच्या ग्रंथींमध्ये साठतं. रक्तातल्या फेरिटिनचा, म्हणजे साठलेलं लोह सांगणाऱ्या तपासणीचा, आकडा चढत जातो. लोह उतरवायची गोळी रोज, न चुकता घ्यावी लागते, आणि रोज न चुकता काही करणं लहान मुलाच्या घरात किती कठीण असतं हे सांगायला नको.

कायमचं बरं होण्याची वाट म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट: दात्याची निरोगी मज्जा मुलाच्या शरीरात रुजवणं. इटलीतल्या पेझारो गावी डॉ. ग्विडो लुकारेल्ली यांनी 1981 पासून या मुलांचे ट्रान्सप्लांट केले. कोणत्या मुलाला ते अधिक मानवतं हे बघताना त्यांच्या चमूला तीन गोष्टी महत्त्वाच्या दिसल्या: यकृत वाढलंय का, त्यात जून व्रणासारखा कठीणपणा आलाय का, आणि लोह उतरवण्याचा उपचार नियमित झालाय का. तिन्ही बाबतींत जे मूल चांगलं, त्याचा निकाल सर्वांत चांगला. इथे थांबा आणि याचा अर्थ सावकाश मनात उतरू द्या. घरातल्या कुणालाच ट्रान्सप्लांट करावंसं वाटत नाही, अशी जी वेळ असते, ती त्याची उत्तम वेळ असते. मूल थकलं, पोट पुढे आलं, आजीसुद्धा ‘आता काहीतरी करा’ म्हणू लागली, की धोका वाढलेला असतो. आपण एरवी दुखणं बघून औषध ठरवतो. इथे दुखणं दिसायच्या आत ठरवायचं आहे. मला वाटतं, या निर्णयाचं खरं ओझं हेच आहे, आणि नातेवाईक ‘चांगला खेळतोय की, कशाला हात लावता?’ असं म्हणतात तेव्हा नेमकं हेच त्यांच्या ध्यानात आलेलं नसतं.

आता आकडे घ्या, पण एकेक करून. 2000 ते 2010 या काळातल्या, प्रामुख्याने युरोपीय केंद्रांच्या नोंदी 2016 साली प्रसिद्ध झाल्या. पूर्ण मॅच असलेल्या भावंडाची मज्जा मिळालेल्या शंभरांपैकी सुमारे 91 रुग्ण दोन वर्षांनी हयात होते, आणि 83 जणांच्या बाबतीत मज्जा रुजून टिकली होती. काही आई-बाबांना फक्त 91 ऐकू येतं. काहींना फक्त उरलेले नऊ. तुम्हाला कोणता आकडा आधी ऐकू आला, ते बघा. त्याबद्दल स्वतःला बोल लावू नका. मग दुसरी बाजू पुढे घ्या. रक्त घेत राहण्यालाही धोका आहे, पण तो वर्षांवर पसरलेला असतो आणि त्यासाठी एका दिवशी, एका कागदावर, छातीवर दगड ठेवून सही करावी लागत नाही. नीट तपासलेलं रक्त आणि नेमाने गोळी मिळाली, तर याच आजाराची मुलं मोठी होतात, नोकरी करतात, संसार करतात. हेही खरं आहे. दोन्ही खरं आहे.

ल्युकेमियात आजार इतकी सवड देत नाही. 1983 साली परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणींनी केलेलं ट्रान्सप्लांट रक्ताच्या कर्करोगाच्या मुलीवर होतं. तिथे थांबणं हा पर्यायच नव्हता. थॅलेसेमियात तो आहे, आणि म्हणून त्याचा मोह होतो. नवं काही येईल, असं मन म्हणतं. ते अगदीच खुळं नाही. जनुकात दुरुस्ती करणाऱ्या एका उपचाराला ब्रिटनने नोव्हेंबर 2023 मध्ये, बारा वर्षांच्या आणि त्यावरच्या थॅलेसेमिया रुग्णांसाठीही मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत 22 लाख डॉलर. पवईच्या आयआयटीत आणि टाटा स्मारकात घडलेल्या कार-टी उपचाराला, जो वेगळ्याच आजारासाठी, काही रक्ताच्या कर्करोगांसाठी आहे, ऑक्टोबर 2023 मध्ये परवानगी मिळाली आणि तो परदेशी उपचाराच्या मानाने फार स्वस्त पडला. तेव्हा किंमत उतरू शकते. पण पाच वर्षांच्या मुलाचं यकृत त्या दिवसाची वाट बघत थांबलेलं नसतं.

आणखी एक जण या खोलीत आहे: धाकटी बहीण. सख्ख्या भावंडाचा एचएलए, म्हणजे मज्जा जुळते का हे ठरवणारा पेशींवरच्या खुणांचा संच, पूर्ण जुळण्याची शक्यता पुन्हा चारात एकच. जुळला, तर तिला भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढतात. ती काही आठवड्यांत भरून येते. बहीण स्वतः मायनर असली तरी चालते. तिचं ‘हो’ कुणी घ्यायचं? आणि मोठ्याचं? मज्जा रुजण्याआधी जी तीव्र केमो देतात, तिच्यामुळे पुढे त्याला मूल होण्याची शक्यता कमी होऊ शकते. पाच वर्षांच्या मुलाच्या वतीने त्याच्या मुलांबद्दल ठरवायचं. हे वाक्य पुन्हा वाचा. इथे घाई करणारा डॉक्टर मला आवडत नाही, आणि हे सांगायचंच टाळणारा तर मुळीच नाही.

मॅच नसेल, तर आजचा प्रश्न निराळा होतो. अर्ध्या मॅचच्या किंवा परक्या दात्याच्या ट्रान्सप्लांटचे धोके वेगळे, आणि ते स्वतंत्रपणेच तोलावे लागतात. खर्चापुरतं एवढं: थॅलेसेमिया बाल सेवा योजनेत कोल इंडिया ठरावीक रुग्णालयांत पात्र मुलांच्या ट्रान्सप्लांटला 10 लाखांपर्यंत मदत देते.

पुढच्या रक्ताच्या तारखेला जाताना चारच गोष्टी कागदावर लिहून न्या. आमच्या मुलाचं यकृत आज कोणत्या पायरीवर आहे? याच केंद्रात, अशाच मुलांचं आतापर्यंत काय झालं? वर्षभर थांबलो तर नक्की काय बदलेल? आणि ट्रान्सप्लांटच्या वेळी आई रुग्णालयात वेगळ्या खोलीत मोठ्याबरोबर कित्येक आठवडे राहील, तेव्हा धाकटीला शाळेत कोण सोडेल? चौथ्याचं उत्तर डॉक्टरांकडे नसतं. ते मामा-मावशीला आधीच विचारून ठेवा.