तांबडी शाई आणि शिक्षकाचा विवेक

परकीय भाषेंत लिहिलेला निबंध तपासतांना त्यांतील प्रत्येक चूक दाखविणें हें शिक्षकाचें कर्तव्यच होय, असें आपण गृहीत धरतों. ज्या वहींत तांबडी शाई अधिक, ती तपासणारा शिक्षक अधिक कष्टाळू, असें पालकांसही वाटतें. परंतु ही शाई विद्यार्थ्याच्या प्रगतीसाठीं खर्च होते कीं शिक्षकाच्या मनाच्या समाधानासाठीं?

तैवानमध्यें अध्यापन करणाऱ्या जॉन ट्रस्कॉट यांनीं १९९६ सालीं या प्रथेवर निर्भीडपणें हल्ला चढविला. व्याकरणाच्या चुका दुरुस्त केल्यानें लेखन सुधारत नाहीं, उलट अपायच होतो, म्हणून ही प्रथा सोडावी, असें त्यांनीं प्रतिपादिलें. अमेरिकेंतील डेना फेरिस यांनीं १९९९ मध्यें हा निष्कर्ष घाईचा ठरविला. पुढें न्यूझीलंडमध्यें जॉन बिचनर यांनीं इंग्रजी उपपदांच्या दोनच उपयोगांपुरती दुरुस्ती करून पाहिली: एखाद्या वस्तूचा पहिला उल्लेख 'अ'नें, नंतरचा 'द'नें. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगांत दोन महिन्यांनंतरही सुधारणा टिकलेली आढळली.

आपल्या मुलांच्या इंग्रजींतूनही हींच उपपदें नेमकीं गळतात. हा आळस नव्हे. मराठींत अशीं उपपदें नाहींत. 'मुलगा आला' यांतील मुलगा कोणता, हें आपण संदर्भावरून जाणतों. हा भेद समजावून देऊन कांहीं आठवडे तेवढ्याच चुकीवर बोट ठेवलें, तर विद्यार्थी ती स्वतः ओळखूं लागतो. पण त्याच पानावर स्पेलिंग, क्रियापदांचे काळ, विरामचिन्हें आणि शब्दयोजना या सर्वांवर खुणा झाल्या, तर आपल्याला लिहितां येत नाहीं, एवढेंच त्याला कळतें. मग तो बेतास बात, निर्जीव वाक्यें लिहूं लागतो. चूक टळते, पण विचारही टळतो.

कोणी म्हणेल, परीक्षक चुकांची गय करीत नाहींत. मग त्या न दाखविणें ही विद्यार्थ्याची फसवणूकच नव्हे काय? आक्षेप रास्त आहे. म्हणून मौन नको, निवड हवी; आणि ती विद्यार्थ्यास उघड सांगावयास हवी. 'या खेपेस उपपदेंच पाहिलीं आहेत, बाकीचें पुढें', एवढें वाक्य लिहिण्यास क्षण पुरतो. त्याआधीं त्याच्या म्हणण्याला एका ओळीचें तरी उत्तर द्यावें. कारण तो व्याकरणासाठीं नव्हे, कांहींतरी सांगण्यासाठीं लिहितो. आपल्याला दिसलेलें सर्व दाखविण्याचा मोह आवरून विद्यार्थ्याला पेलेल तेवढेंच देणें, हें पान रंगविण्याहून अवघड काम आहे.