आवरता येईल तेवढेच

दिवाळी जवळ आली की सातपुड्यातल्या लोकांना अस्तंब्याची ओढ लागते. धडगावकडच्या डोंगरांत हे उंच शिखर आहे. धनत्रयोदशीच्या सुमारास यात्रेकरू अवघड वाट चढून तिथे जातात. त्या शिखरावर अश्वत्थामा राहतो आणि कपाळीच्या जखमेसाठी अजून तेल मागत फिरतो, अशी समजूत आहे. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मला त्याची जखमच तेवढी दिसे. तिचा दुसरा भाग ध्यानात आला तो मोलगीला राहायला गेल्यावर, आणि तोही घरामागच्या दीड-दोन गुंठ्यांच्या परसामुळे. अश्वत्थाम्याला अस्त्र सोडता येत होते. आवरता येत नव्हते. म्हणून ते उत्तरेच्या गर्भावर, अजून जन्मालाही न आलेल्या जिवावर जाऊन पडले.

अक्कलकुव्याहून देवगोईचा घाट चढून मी शिक्षक म्हणून मोलगीला आलो तेव्हा बागेविषयीची माझी मते पक्की होती. वाफे सरळ असावेत, पालापाचोळा रोज झाडून जाळावा, लावले नाही ते उगवलेले दिसताच उपटावे. शेजारच्या म्हातारीचे परस पाहून मला तिची कीव आली. तिथे मका उभा होता, त्यावर वाल चढला होता, खाली भोपळ्याचे वेल पसरले होते. मधूनच तूर, अंबाडी, मिरची. आंब्याखाली पाचोळा तसाच पडलेला आणि त्यात कोंबड्या उकरीत असलेल्या. घरातली मंडळी तिला याहा म्हणत, म्हणजे आई. मीही तेच म्हणू लागलो.

त्या हिवाळ्यात माझ्या वालावर मावा पडला. शेंड्याशेंड्यांवर काळे थर बसले. याहा कुंपणापाशी येऊन म्हणाली, "गुरुजी, शेंडे खुडा, राख टाका. थोडं थांबा." पण थांबणे माझ्या स्वभावात नव्हते. बाजारातून औषध आणले. औषध म्हणायचे, पण बाटलीवर चित्र होते कवटीचे! दोन दिवसांत मावा गेला. तिसऱ्या दिवशी शेंगा इतक्या टपोऱ्या दिसल्या की मी टोपली भरून याहाकडे नेली.

तिने एक शेंग हातात घेऊन पाहिली आणि विचारले, "तुम्ही खाल्ल्या?"

मी खाल्ल्या नव्हत्या. आठ-दहा दिवस आपण खायच्या नाहीत, असे मी घरात स्वतःच सांगून ठेवले होते. "नीट धुऊन घ्या," एवढेच मी पुटपुटलो. ती रागावली नाही. अंगणात तिची नातवंडे खेळत होती. तिने टोपली उचलून माझ्या हातात परत दिली.

त्या दिवशी मी काही विचाराने वागलो नव्हतो, हे खरे. पण नकळत घडले, असेही मला म्हणता येत नाही. जे आपल्या मुलांना द्यायचे नाही ते शेजारणीच्या मुलांना देताना मला औदार्य केल्याचा आनंद होत होता. यापेक्षा लाजिरवाणे दान ते कोणते?

पुढे पंधरा दिवसांत मावा पुन्हा आला, आणि पहिल्याहून दाट. कारण साधे होते. माव्याची मादी नरावाचून पिले देते. त्यामुळे त्याची संख्या झपाट्याने वाढते. त्याला खाणारे ठिपक्यांचे लाल भुंगेरे सावकाश वाढतात. माझ्या औषधाने दोघेही मेले. परतला मात्र एकटा मावा.

मग वाचन सुरू झाले. बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन या दोघा ऑस्ट्रेलियनांनी १९७८ साली 'पर्माकल्चर' नावाचा विचार ग्रंथरूपाने मांडला. आधी पुष्कळ दिवस नुसते पाहा, मग लहानसा बदल करा. एकाचा कचरा दुसऱ्याचे अन्न होईल अशी मांडणी करा. त्याला नीतीचे तीन पाय आहेत: भूमीची काळजी, माणसांची काळजी आणि उरेल त्याची वाटणी. आपल्याकडे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा करून, ऊन आणि पाचोळा हेच शेतकऱ्याचे भांडवल, असे सांगितले. मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावण्याची रीत तर अमेरिकेतल्या मूळच्या लोकांत फार जुनी. ते त्यांना तीन बहिणी म्हणतात. मका आधार देतो, घेवड्याच्या मुळांवरचे जीवाणू हवेतला नत्र धरतात, भोपळ्याची पाने जमीन झाकून ओल राखतात. सारे वाचून झाल्यावर मी कुंपणापलीकडे पाहिले. तिथे ते कधीचेच चालले होते!

पण यावरून विषारी फवारणी करणाऱ्या प्रत्येकाला दोषी ठरवणे मला जमत नाही. माझा वाल बुडाला असता तरी पगार येणार होता, चूल पेटणार होती. ज्याचे वर्षाचे अन्न एका शेतावर अवलंबून आहे त्याला थांबायला सांगणे सोपे नाही. आणि थांबणे म्हणजे हात बांधून बसणेही नव्हे. याहा शेंडे खुडीत होती, राख टाकीत होती, रोज पाहत होती. फरक इतकाच की ती जे करी ते उद्या चुकले असे वाटले तर सोडून देता येई. खुडलेला शेंडा पुन्हा फुटतो. मातीत उतरलेले विष मात्र परत बोलावता येत नाही.

म्हणून आता परसात काही करण्यापूर्वी मी स्वतःला दोन प्रश्न विचारतो. हे मला आवरता येईल का? आणि याचे फळ शेजाऱ्याला देताना मला मान खाली घालावी लागेल का? प्रश्न बागेपुरतेच आहेत असेही नाही. रागाच्या भरात बोललेल्या शब्दालाही ते लागू पडतात.

पुढल्या हिवाळ्यात मी पुन्हा टोपली नेली. शेंगा थोड्या वाकड्या होत्या, काहींना भोके होती. याहाने एक उचलून पाहिली.

"तुम्ही खाल्ल्या?"

"काल रात्रीच."

तिने टोपली घरात नेली. रिकामी करून परत दिली तेव्हा तिच्या तळाशी आमचूराची पुडी होती.