जोखीम कोणाची?

जॉन ग्राँट हा लंडनमधला कापडाचा व्यापारी. तिथे दर आठवड्याला मेलेल्यांची यादी छापून निघायची. प्लेग वाढतोय का हे लोक त्यात बघायचे. ग्राँटने कित्येक वर्षांच्या याद्या एकत्र मांडून १६६२मध्ये पुस्तक काढलं. त्याचा अंदाज असा, की जन्मलेल्या १०० मुलांपैकी ३६ जण सहा वर्षांची होण्याआधीच जातात. कोण जाणार हे त्याला सांगता येत नव्हतं. किती जाणार, हे सांगता येत होतं. पुढे १६९३मध्ये एडमंड हॅलीने (हो, धूमकेतूवाला) वयानुसार कोष्टक केलं आणि कोणत्या वयाला किती पैसे घ्यावेत याचं गणित मांडलं.

आयुर्विमा उभा आहे तो याच गणितावर. १९१३मध्ये अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली, तीही मुंबईत नाही, साताऱ्यात! १९५६च्या राष्ट्रीयीकरणात ती एलआयसीत गेली.

भिशीत प्रत्येकाचा नंबर लागतो. विम्यात आपला नंबर लागू नये अशीच इच्छा असते, तरी आपण पैसे भरतो. कारण 'कोण' हे कुणालाच माहीत नसतं.

आम्ही सॉफ्टवेअरवाले मात्र दिवसभर हा 'कोण'च शोधत असतो. २०२२पासून आपल्याकडे गाडी किती आणि कशी चालवता यावर हप्ता ठरवायला परवानगी आहे. जपून चालवणाऱ्याने बेदरकार माणसाचे पैसे का भरावेत, असं माझे मित्र विचारतात. गाडीपुरतं मलाही पटतं.

हाच न्याय सांगलीला लावून बघा. २००५ला आणि २०१९ला कृष्णेचं पाणी शहरात शिरलं. जोत्याची उंची, नदीपासूनचं अंतर, मागच्या पुरांची पातळी, सगळं आज मोजता येतं. प्रत्येक इमारतीचा हप्ता वेगळा काढला, तर सखल भागातल्याला विमा परवडणार नाही आणि उंचावरच्याला तो नकोच असेल. मग विमा उरला कुठे? पूररेषेत आज नवं बांधकाम करणाऱ्याची मला दया येत नाही, त्याच्याकडून जास्त घ्या. पण जुन्या पेठेतल्याचं काय?

शिवाय ती जोखीम त्याची एकट्याची आहे का? सांगलीत चढणारं पाणी बरंचसं सातारा जिल्ह्यात पडलेलं असतं, महाबळेश्वरच्या डोंगरात, कोयनेच्या खोऱ्यात. कराडला कोयना कृष्णेला मिळते आणि पाणी खाली येतं. त्याच पावसावर कोयनेत वीज तयार होते आणि ती आपण सगळे वापरतो.

जपून गाडी चालवणाऱ्याला सवलत जरूर द्या. हरभट रोडवरच्या दुकानदाराने आणखी जपायचं म्हणजे नेमकं काय करायचं?